हात मोकळा ठेवा

खरिपाच्या फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : "पिऊन घेतलं, की अंगावर उडालं?" शेतातून आणलेला माणूस घामाने निथळत असतो. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या असतात, छाती कफाने भरलेली असते. सिस्टर ॲट्रोपिन भरत असतात, पण पुढचे पुष्कळ काही या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. औषध अंगावर उडाले असेल तर कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुणे हे पहिले काम. पोटात गेले असेल तर काय प्यायला, किती प्यायला आणि किती वेळ झाला हे कळायला हवे. हेच उत्तर पोलिसांच्या कागदावरही जाते. एका उत्तराने तो कामावर विषबाधा झालेला मजूर ठरतो, दुसऱ्याने जीव द्यायला निघालेला माणूस. मदत, चौकशी आणि घराची अब्रू या सगळ्यांना ते उत्तर पुढे चिकटून राहते.

हा माणूस जन्मापासून कर्णबधिर आहे, असे समजा. तो खांद्यावरून पट्टा ओढल्यासारखे करतो, एका हाताने पंपाचा दांडा खालीवर मारून दाखवतो, मग वारा कुठून आला ते दाखवत पंजा चेहऱ्यावर आणि छातीवर फिरवतो. सोबत आलेला गाववाला म्हणतो, "सायेब, याले काहीच सांगता येत नाही." खरे तर त्याचे सगळे सांगून झालेले असते. ते वाचणारे तिथे कोणी नसते.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कीटकनाशके, मास्क, हातमोजे यांवर राज्यभर चर्चा झाली. विषबाधा झालेल्या माणसाशी बोलायचे कसे, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत रक्त थांबवणे, हाडाला आधार देणे, श्वास चालू ठेवणे यांवर पानेच्या पाने असतात. जखमी माणूस आणि मदतनीस एकमेकांचे बोलणे ऐकू शकतात, हे मात्र गृहीत धरलेले असते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हे गृहीतक महाग पडू शकते.

घाटावर, घाटाखाली

बुलढाणेकर आपल्या जिल्ह्याचे बोलण्यातच दोन भाग करतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा वगैरे हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर वगैरे हा घाटाखालचा. एकूण १३ तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ माणसे. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे आहेत. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो आणि खामगावच्या वाटेवर बोथ्याचे, ज्ञानगंगा अभयारण्याचे जंगल. शेगावला बारमाही भाविक येतात, सैलानीच्या यात्रेला होळीच्या सुमारास अफाट गर्दी होते. घाटाखालून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आणि मलकापूर-खामगावचा राष्ट्रीय महामार्ग जातो, घाटावरून समृद्धी महामार्ग.

त्या समृद्धीवरची १ जुलै २०२३ची रात्र जिल्हा विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यातल्या पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. ३३ जणांपैकी २५ जण जळून गेले. जे आठ वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून बाहेर उडी घेतली. अशा रात्री, आगीच्या आवाजात आणि धुरात, ज्याला ऐकू येते तोसुद्धा जवळजवळ बहिरा होतो. खिडकी कुठली, उडी केव्हा मारायची, आत अजून किती जण आहेत, हे तिथे हातानेच सांगावे लागते.

राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या, गाडीत डॉक्टर, फोन लावला की येणार. या सेवेने असंख्य जीव वाचवले आहेत. तिचे दार मात्र आवाजाने उघडते. कुठून बोलता, काय झाले, किती जण आहेत, श्वास चालू आहे का, अशी विचारणा होते. रात्री मळ्यात नवरा-बायको दोघेही कर्णबधिर असतील आणि तिला कळा सुरू झाल्या, तर हा फोन लावायचा कोणी? ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या मोबाइल ॲपवर पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत यांची बटणे आहेत. ती उपयोगाची आहेत, पण केंद्रातून उलट फोन आला तर तो उचलून बोलणारे कोणीतरी लागतेच. म्हणून बरीच कर्णबधिर कुटुंबे आधी शेजाऱ्याचे दार वाजवतात. त्या शेजाऱ्याला चार खुणा येत असतील, तर तोच त्यांचा १०८ असतो.

भाषा आहे, पोहोचलेली नाही

देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या २०११च्या जनगणनेत ५० लाखांहून अधिक नोंदली गेली, बोलण्याचे अपंगत्व असलेल्यांची सुमारे २० लाख. यांतल्या शाळेत गेलेल्या पुष्कळांची एक पूर्ण भाषा आहे : भारतीय सांकेतिक भाषा. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. भुवया उंचावणे, कपाळ आक्रसणे, मान किंचित पुढे काढणे हे त्या व्याकरणाचेच भाग आहेत. बोटांनी अक्षरे दाखवायला दोन्ही हात लागतात. अमेरिकेतली सांकेतिक भाषा वेगळी आहे, ती एका हाताची अक्षरे वापरते.

या भाषेला शाळेतूनच हद्दपार करण्याचा इतिहास मोठा आहे. १८८०मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांमधून खुणा बंद करून ओठांनी बोलायला शिकवावे असा ठराव झाला. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१०ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५च्या सुमारास निघाली, त्यामुळे आपल्या शाळांची सुरुवातच मिलानच्या सावलीत झाली. मुले वर्गात ओठ हलवत राहिली आणि वसतिगृहात, मैदानावर एकमेकांशी हातांनी बोलत राहिली. ती भाषा टिकवली ती मुलांनीच.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरु इथल्या खुणांचा अभ्यास केला. शब्दांमध्ये फरक असले तरी व्याकरण एकच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. वसिष्ठ स्वतः लहानपणी श्रवणशक्ती गमावलेले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राचा शब्दकोश २०१८मध्ये ३,०००, २०१९मध्ये ६,००० आणि २०२१मध्ये १०,००० शब्दांचा झाला. त्यात वैद्यकीय शब्द आहेत, शेतीचेही आहेत, आणि त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फुकट पाहता येतात. दवाखान्यातल्या सिस्टरला किंवा आशाताईला यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

शाळेत कधी न गेलेल्या कर्णबधिर माणसाला मात्र ही भाषा येत नाही. तिथे घरातल्या खुणा असतात. गालावर बोट टेकवले की गालावर तीळ असलेली आत्या, कपाळावर आडवी बोटे ओढली की देऊळ. आईला, भावाला, गायीमागे सोबत जाणाऱ्या गड्याला त्या कळतात. शहरातून आलेल्या प्रशिक्षित दुभाष्यालाही त्या कळतीलच असे नाही. पाकिस्तानातून २६ ऑक्टोबर २०१५ रोजी परत आलेल्या कर्णबधिर गीताची गोष्ट आठवून पाहावी. रेल्वे स्टेशन, नदी, नदीकाठचे देऊळ असे तुकडे ती हातांनी सांगत राहिली. तिचे नाते परभणी जिल्ह्यातल्या एका कुटुंबाशी जुळल्याचे जाहीर झाले ते २०२१मध्ये. तिच्या खुणा उलगडणाऱ्या जाणकारांना वर्षे मिळाली. अपघात विभागात मिनिटे मिळतात. म्हणून घरच्या खुणांची ओळख आधीच, माणूस धडधाकट असतानाच, करून ठेवावी लागते.

पहिल्या दहा मिनिटांत

कर्णबधिर रुग्णाजवळ गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे समोरून जाणे. मागून येऊन खांदा धरला की आधीच घाबरलेला माणूस दचकतो. मानेला मार असेल तर तो झटक्यात मान वळवतो, आणि तेच नको असते. त्याच्या नजरेच्या टप्प्यात यावे, हात हलवून लक्ष वेधावे, हलकेच स्पर्श करावा. रात्री उजेड आपल्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडेल असे उभे राहावे. टॉर्च त्याच्या डोळ्यांत मारला तर त्याच्यापुरता संवाद बंद होतो. त्याला चष्मा असेल तर तो शोधून आधी लावावा. कात्री, सुई, पट्टी जे काही वापरायचे ते आधी दाखवावे आणि कुठे वापरणार तेही दाखवावे. ऐकणाऱ्या रुग्णाला आपण "आता थोडं टोचेल हं" म्हणतो. ते 'हं' इथे हाताने म्हणायचे.

मग हात. सलाईन लावताना शीर सोपी मिळते म्हणून बहुतेकदा उजवा हात पुढे घेतला जातो, बोटांपर्यंत चिकटपट्टी गुंडाळली जाते, दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. या क्षणी कर्णबधिर माणसाची वाचा गेलेली असते. कुठल्या हाताने जास्त बोलतोस, एवढे त्याला विचारून सलाईन दुसऱ्या हाताला, मनगटाच्या वर लावावे. चिमटा पायाच्या बोटाला किंवा कानाच्या पाळीलाही लागतो. मणक्याच्या दुखापतीसाठी फळीवर पट्टे आवळताना हात आत दाबले जाऊ नयेत. शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून बाहेर येताना रुग्ण हात हलवू लागला की "धिंगाणा करतोय, हात बांधा" असा हुकूम निघतो. ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा, तसेच ते आहे. तो कदाचित एवढेच सांगत असेल की लघवीला लागली आहे.

चेहऱ्याचेही असेच आहे. सांकेतिक भाषेत प्रश्न, नकार, तीव्रता हे सारे चेहऱ्यावर येते. ही भाषा न पाहिलेल्या डॉक्टरांना तो हातवारे करणारा, तोंड वेडेवाकडे करणारा माणूस भ्रमिष्ट वाटू शकतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर डॉक्टरांचा अर्धा चेहरा मास्कखाली असतो. संसर्गाची भीती नसेल तेव्हा क्षणभर मास्क खाली करून समोरून बोलावे आणि ऑक्सिजनचा मास्क रुग्णाच्या तोंडावर ठेवण्याआधी विचारायचे ते विचारून घ्यावे.

ओठ वाचता येतात ना, असे बरेच जण म्हणतात. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पोट' म्हणून पाहावे, मग 'बोट'. दोन्हींत ओठ सारखेच हलतात. "पोट दुखतं का?" आणि "बोट दुखतं का?" यांतला फरक ओठांवर उमटत नाही. लिहून विचारावे, तर शाळेत गेलेल्यालाही लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि शाळेत न गेलेल्याला कागद निरुपयोगी. म्हणून खूण, चित्र, वस्तू, शक्य तिथे लिहिलेला शब्द आणि स्पर्श ही सारी साधने एकत्र वापरावी लागतात.

प्रश्नांचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी कुठे : त्याचेच बोट त्याच्या अंगावर फिरू द्यावे. मग केव्हा : शेतात राबणारा माणूस आकाशातली सूर्याची जागा दाखवून वेळ सांगतो, ती पाहावी. मग किती : बोटे मोजून, किंवा हात कमरेपासून डोक्यापर्यंत वर नेत. मग कसे : मूठ आवळून पिळवटणे, बोटाने टोचणे, पंजा फिरवून जळजळ. छातीच्या मधोमध मूठ धरून बसलेला माणूस हृदयविकाराची खूण करत असू शकतो. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांच्या नावाने ही खूण वैद्यकात ओळखली जाते आणि ती कोणत्याही भाषेत तशीच असते. दोन्ही हातांनी गळा धरणे म्हणजे घशात काहीतरी अडकले आहे, हेही जगभर कळते.

एका सापळ्यापासून मात्र सावध राहावे. तो सापळा म्हणजे होकाराची मान. आयुष्यभर न कळलेल्या बोलण्याला मान डोलावून वेळ मारून नेण्याची सवय अनेक कर्णबधिरांना लागलेली असते. ती आपल्या अधीरपणानेच लावलेली असते. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का? मान हलली. साखरेचा आजार आहे का? पुन्हा मान हलली. अशा उत्तरावर औषध देणे धोक्याचे आहे. "हे की ते" असे दोन पर्याय दोन हातांवर ठेवून विचारावे, आणि सांगितलेली गोष्ट त्याच्याकडून करून दाखवून घ्यावी.

पंधराचे दहा

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४मध्ये टीझडेल आणि जेनेट यांनी ते मांडले. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. शुद्धीवरचा माणूस पंधरावर असतो, आठ किंवा त्याखाली गेला की स्थिती गंभीर. पूर्ण शुद्धीत असलेला कर्णबधिर माणूस या मोजपट्टीवर ठेवून पाहा. डोळे उघडे आहेत : ४. "नाव काय?" या प्रश्नाला आवाज नाही : १. "हात वर करा" हे त्याला ऐकूच आले नाही म्हणून तो हलला नाही, पण चिमटा घेतल्यावर हात तिथे नेला : ५. बेरीज १०. ठणठणीत शुद्धीतला माणूस कागदावर मध्यम मेंदू-दुखापतीचा रुग्ण ठरला. याचे उलटही होऊ शकते. तो खरोखरच खालावत असेल, पण "हा तर आधीपासूनच बोलत नाही" म्हणून ते कोणाच्या लक्षातच येणार नाही. हात वर करा हे हात वर करून दाखवले, नाव खुणेने विचारले, आणि बोलण्याचा भाग तपासता आला नसेल तर एकाचा आकडा न टाकता 'तपासता आले नाही' असे लिहिले, तर दोन्ही चुका टळतात. यासाठी खर्च काहीच नाही, शिकवणे तेवढे लागते.

श्रवणयंत्र असेल तर ते पिशवीत टाकून नातेवाइकांकडे देण्याची घाई करू नये, त्याने थोडेफार ऐकू येत असेल. कानामागे कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर एमआरआयच्या आधी ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण आतल्या भागात चुंबक असते. ही माहिती बेशुद्ध माणूस देऊ शकत नाही. त्याच्या खिशातले कार्ड देऊ शकते.

दुभाषी कोण?

घाईत दुभाषी म्हणून जवळचा नातेवाईकच पुढे केला जातो. बऱ्याचदा ते ऐकू येणारे मूल असते. आईला रक्तस्राव होतो आहे आणि दहा वर्षांची मुलगी डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये उभी राहून गर्भपाताबद्दलचे प्रश्न हातांनी विचारते आहे, हे आपण चालवून घेऊ नये. भाजलेल्या सुनेचे म्हणणे सासरच्या माणसाने सांगावे, हेही चालवून घेऊ नये. तिथे दुभाषी हाच आरोपी असू शकतो.

या बाबतीत कायदा आपल्या दवाखान्यांच्या पुष्कळ पुढे आहे. १८८५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर एक खटला आला. दुलारी नावाच्या तरुणीचा गळा कापला गेला होता. बोलता येत नव्हते, शुद्ध होती. इस्पितळात विचारलेल्या प्रश्नांना तिने हाताच्या खुणांनी उत्तरे दिली आणि मग ती वारली. प्रश्न आणि खुणा मिळून ते मृत्युपूर्व निवेदन होते, असे न्यायालयाने मानले. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, ही तरतूद साक्ष कायद्यात होतीच. २०१३च्या दुरुस्तीने अशा वेळी दुभाषी घेणे आणि चित्रण करणे त्यात आले, आणि ते नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. सप्टेंबर २०२३मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने आपली बाजू मांडली. न्यायालयात जे हात चालतात ते अपघात विभागातही चालायला हवेत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'संवाद' या संज्ञेतच सांकेतिक भाषा धरली आहे. आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण आणि सरकारी तसेच खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश, ही त्याच कायद्याची भाषा आहे. उतार आणि कठडा बांधून हे पूर्ण होत नाही. कर्णबधिराचा अडथळा पायरीवर नसतो, खिडकीतून नाव पुकारले जाते तिथे असतो.

मण्यार चावल्यावर

आतापर्यंत हा प्रश्न कर्णबधिरांचा म्हणून मांडला. पण आणीबाणीत वाचा कोणाचीही जाते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, तेव्हा दुखणे आणि सूज फारशी नसते. पोटात दुखते, काही वेळाने पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. मन पूर्ण जागे आणि तोंड बंद. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळते. माणसाला तिथवर न घाबरवता, चावलेला भाग न हलवता, न कापता, न चोखता, घट्ट दोरी न बांधता नेणे, एवढेच गावाचे काम आहे. धीर देणे हा सर्पदंशातला खरा प्रथमोपचार आहे आणि तो हातांनीही देता येतो : डोळ्यांत पाहून, तळहात सावकाश खाली आणत, मी सोबत आहे असे दाखवत.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या घशात नळी असते. पक्षाघात झालेल्याला कळते पण शब्द सापडत नाहीत, कित्येकदा खुणाही सुचत नाहीत, आणि त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता लागतो. वऱ्हाडात खर्रा आणि गुटखा यांनी तोंडाचे आणि घशाचे कर्करोग वाढवले आहेत. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला तर उरलेले आयुष्य मूळ आवाजाशिवाय काढायचे असते. दुखते, पाणी, श्वास कोंडतोय, लघवी, उलटी, थंडी, भीती वाटते, घरच्यांना बोलवा : एवढ्या खुणा अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर चित्रांसह लावल्या, तर त्यांचा उपयोग सर्वांत जास्त ऐकणाऱ्या माणसांनाच होईल.

वाचवणारा हात

कर्णबधिर माणूस नेहमी रुग्णच असतो, असे धरून चालणे हाही अन्यायच. शेतात भोवळ येऊन कोसळलेल्या बापाजवळ कर्णबधिर मुलगा एकटा असू शकतो. छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर, ३० दाबांमागे दोन श्वास, हे तो तितकेच चांगले शिकू शकतो. त्याला ठेका कानाने मिळणार नाही. लुकलुकणाऱ्या दिव्याने किंवा शिक्षकाच्या हाताच्या लयीने मिळेल. श्वास तो ऐकणार नाही, छाती हलते का ते पाहील आणि गालावर श्वास लागतो का ते जोखेल. हृदयाला शॉक देणारी यंत्रे बहुधा बोलून सूचना देतात. रेल्वे स्टेशने, देवस्थाने, मोठी कार्यालये यांनी ती घेताना पडद्यावर अक्षरे आणि चित्रे दाखवणारी घ्यावीत. घाटात, धुरात, काचेपलीकडे, पुराच्या पाण्याच्या घोंघाटात दूरवरून स्पष्ट बोलण्याची सवय याच माणसांना आहे. बचाव पथकाने त्यांच्याकडून शिकावे असे बरेच काही आहे.

ऐकणारेही ही भाषा आपली करू शकतात. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर, विशेषतः चिलमार्क गावात, आनुवंशिक बहिरेपणामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ऐकणारे गावकरीही सहज सांकेतिक भाषा बोलत. तिथे कर्णबधिर असणे ही वेगळी ओळख राहिली नव्हती. ब्रिटनने जून २०२२पासून ९९९ या आपत्कालीन सेवेला सांकेतिक भाषेच्या व्हिडिओ दुभाष्यांची जोड दिली. आपल्या देशात २०२३च्या सांकेतिक भाषा दिनी केंद्र सरकारने व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर दुभाषी मिळवून देण्याची सेवा सुरू केली. साधन आले आहे. ते दवाखान्याच्या टेबलावरच्या मोबाइलपर्यंत पोहोचवायचे आहे.

बुलढाण्याला काय करता येईल

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाणा आहे. २०१९मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पायाभूत अभ्यासक्रमात अपंगत्वाशी संबंधित क्षमता आणल्या गेल्या. नव्या महाविद्यालयाला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. इथल्या पहिल्या तुकड्यांनाच कर्णबधिर शिक्षकाने आणीबाणीच्या पन्नास खुणा शिकवाव्यात, आणि ग्लासगो स्केल शिकवताना कर्णबधिर माणूसच समोर बसवावा. जिल्ह्यातल्या कर्णबधिर विद्यालयांचे शिक्षक आणि माजी विद्यार्थी हे आज उपलब्ध असलेले दुभाषी आहेत. त्यांची यादी, मानधनासह, जिल्हा रुग्णालयात आणि पोलीस नियंत्रण कक्षात असावी. रात्री दोन वाजता फोन केला तर कोण येईल, एवढे त्या यादीवरून कळले पाहिजे.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र द्यायला कर्णबधिर माणूस जिल्हा रुग्णालयात एकदा येतोच. त्याच दिवशी त्याला एक कार्ड द्यावे : मी कर्णबधिर आहे, सांकेतिक भाषा येते किंवा फक्त घरच्या खुणा येतात, या हाताने बोलतो, हा हात मोकळा ठेवा, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, इम्प्लांट आहे का, कोणाला कळवायचे. शाळेत न गेलेल्यांसाठी आशाताईने घरी बसून दहा-वीस खुणा मोबाइलवर चित्रित कराव्यात, घरच्यांच्या आणि त्याच्या परवानगीने. दुखते कसे दाखवतो, नाही कसे म्हणतो, भीती कशी सांगतो. वऱ्हाडात "कुठी दुखून रायलं?" हे विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात हे हाताने विचारता येते. आशाताई, पोलीस पाटील, एसटीचे वाहक, १०८चे डॉक्टर आणि चालक, शेगाव आणि सैलानीच्या गर्दीतले स्वयंसेवक, महामार्गावरचे ढाबेवाले : एवढ्यांना वीस खुणा आल्या तरी जिल्ह्याच्या रस्त्यावर कर्णबधिर माणूस एकटा पडणार नाही.

२३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. त्या दिवशी फलक लावून फोटो काढण्याऐवजी जिल्ह्याने एक सराव करावा. एक कर्णबधिर माणूस रुग्ण म्हणून अपघात विभागात आणावा आणि घड्याळ लावावे. त्याचे नाव, दुखण्याची जागा, वेळ, ॲलर्जी आणि त्याची संमती त्याच्याकडूनच मिळायला किती मिनिटे लागली, हे भिंतीवर लिहावे. पुढच्या वर्षी तो आकडा कमी करावा. उपचारांचा पहिला हक्क वेदना स्वतः सांगण्याचा आहे. तो ज्याला मिळत नाही, त्याच्यावरचे बाकीचे सारे उपचार अंदाजाने होतात, आणि कोणत्याही माणसाचा जीव अंदाजावर सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.